हत्याराची धार आणि पाण्याची धार

आपल्या मराठीत धार हा शब्द मोठा गमतीचा आहे. विळ्याला असते ती धार, आणि चरवीत पडते ती दुधाचीही धार. एक कापणारी, दुसरी वाहणारी. आज ज्या गोष्टीचा इतिहास मी सांगणार आहे, तिच्यात या दोन्ही धारा एकमेकींना भेटतात. गोष्ट तशी लहान आहे. लेथवर लोखंड कापले जात असताना हत्याराच्या टोकावर पाणी किंवा तेल सोडणारा एक साधा तोटीचा डबा, एवढाच तिचा विषय. पण या डब्याच्या पाठीमागे दोनशे वर्षांचे शोध, हिशेब, भांडणे आणि दुखणीही आहेत. तालुक्याच्या गावी पंपाचा दांडा दुरुस्त करणाऱ्या कारागिराला आणि शाळेत कार्यानुभव शिकवणाऱ्या गुरुजींना ती कामी पडेल, म्हणून सांगावीशी वाटते.

लेथ तुम्ही पाहिला असेलच. कातारी लाकडाचा ठोकळा फिरवतो आणि त्याला पटाशी लावून लाटणे किंवा पाळण्याचा गोल पाय कातून काढतो. लेथवर हेच काम लोखंडाचे होते. फिरणाऱ्या वस्तूला कारखान्यात जॉब म्हणतात. जॉब फिरतो, हत्यार पक्के धरलेले असते, आणि खोबऱ्याचा कीस निघावा तसा लोखंडाचा कीस निघत राहतो. हा कीस हाताला लावून पाहू नका, बरे का! तो धारदार असतो, आणि इतका तापलेला असतो की कातडी भाजते. पोलादाचा कीस कित्येकदा निळा पडून बाहेर येतो. तो निळा रंग म्हणजे उष्णतेने दिलेली पावतीच समजा.

ही उष्णता येते कोठून? पूर्वी लोकांना वाटे की ती केवळ हत्यार घासल्यामुळे येते. ते अर्धेच खरे आहे. फिनलंडमधील पिस्पानेन या अभियंत्याने १९३७ मध्ये एक सोपे चित्र मांडले. पत्त्यांची जुडी तिरकी ढकलली, की एकेक पान दुसऱ्यावरून सरकते. हत्याराच्या पुढे धातूचे थर तसेच सरकतात आणि त्यांचा कीस बनतो. धातूला असे सरकायला लावण्यात जी शक्ती खर्च होते, तिचीच बहुतेक उष्णता होते. शिवाय सुटलेला कीस हत्याराच्या पाठीवरून घासत जातो, त्याची उष्णता निराळी. बरीचशी उष्णता कीस आपल्याबरोबर घेऊन जातो, पण उरलेली हत्याराच्या टोकात साचते. साध्या कार्बनी पोलादाचे हत्यार दोन-अडीचशे अंश सेंटिग्रेडच्या पुढे तापले की त्याचे पाणी उतरते. लोहार पात्याला पाणी देतो म्हणजे काय करतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पाणी उतरणे म्हणजे काय हे सांगायला नको. टोक मऊ पडते, बोथट होते, आणि काम थांबते.

कापताना किती उष्णता निघते, हे जगाला पहिल्यांदा नीट मोजून दाखवले ते तोफांच्या कारखान्यात. बेंजामिन टॉम्प्सन हा मूळचा अमेरिकेतला गृहस्थ बव्हेरियाच्या राजदरबारी मोठ्या हुद्द्यावर होता. काउंट रम्फर्ड या नावाने तो ओळखला जातो. म्युनिकच्या शस्त्रागारात पितळी तोफांना भोक पाडण्याचे काम चाले, तेव्हा तोफ फार तापते हे त्याच्या लक्षात आले. त्याने एक मुद्दाम बोथट केलेले हत्यार घेतले, तोफेचा भाग पाण्याच्या पेटीत बुडवला, आणि घोड्यांच्या बळावर तोफ फिरवायला लावली. पेटीत सुमारे साडेआठ किलो पाणी होते. एका तासात ते चांगले कोमट झाले, आणि अडीच तासांनी चक्क उकळू लागले. विस्तव नाही, कोळसा नाही, आणि पाण्याला आधण आले! भोवती जमलेले लोक थक्क झाले, असे रम्फर्डने लिहून ठेवले आहे. १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने हा प्रयोग मांडला. उष्णता हा एक सूक्ष्म द्रव आहे, ही त्या काळची समजूत यामुळे डळमळली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. रम्फर्डने पाणी घेतले ते उष्णता मोजायला. हत्यार थंड ठेवावे हा त्याचा हेतू नव्हता. पण नकळत त्याने पुढच्या कारागिरांना एक उत्तर दाखवून ठेवले होते: कापण्याची उष्णता पाणी शोषून घेऊ शकते, आणि भरपूर शोषते.

कारागीर मात्र शास्त्रज्ञांची वाट पाहत बसले नव्हते. विळा दगडावर घासताना आपला शेतकरी मधूनमधून पाणी शिंपडतो, न्हावी सहाणेवर थेंब टाकून वस्तरा फिरवतो. हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवले? तसेच एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेच्या लेथांवर चाले. एक लहानसा डबा, त्याला खाली बारीक तोटी, डबा उभ्या सळईवर हत्याराच्या वर टांगलेला, आणि त्यातून थेंब थेंब पाणी खाली पडते आहे. महादेवाच्या पिंडीवर आपण गळती टांगतो, तिचेच हे कारखान्यातले रूप! इंग्लंडात साबणाचे पाणी वापरीत, म्हणून साबणाच्या फेसाला जो शब्द आहे तोच, म्हणजे सड्स हा, तेथील कामगारांनी या पाण्याला कायमचा चिकटवला. कोणी डुकराच्या चरबीचे तेल वापरी, कोणी देवमाशाचे. १८६८ साली नॉर्थकॉट या इंग्रज लेखकाने लेथकामावर मोठा ग्रंथ लिहिला, तोपर्यंत अशा वंगणाने काम वाढते ही गोष्ट जाणत्यांच्या ओळखीची झाली होती.

पण त्या थेंबांनी होत काय होते? जॉबच्या अंगावर गुळगुळीत चकाकी येई. हत्यार थंड राहावे इतके पाणी त्या तोटीतून येतच नव्हते. हा फरक ज्याने ओळखला, त्या माणसाची गोष्ट आता सांगतो.

फ्रेडरिक विन्स्लो टेलर हा १८५६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जन्मला. घर खाऊनपिऊन सुखी होते. तरी १८७८ मध्ये तो मिडव्हेल पोलाद कारखान्यात साधा मजूर म्हणून लागला. मग लेथवर आला, मग मुकादम झाला, आणि काही वर्षांत मुख्य अभियंता. लेथवाले किती वेगाने काम करू शकतात, यावरून त्याचे आणि कामगारांचे रोज खटके उडत. खरा वेग किती हे दोघांनाही ठाऊक नव्हते. कारखान्याचे प्रमुख विल्यम सेलर्स यांच्याकडून परवानगी मिळवून टेलरने १८८० च्या सुमारास धातू कापण्याचे प्रयोग सुरू केले. सहा महिन्यांत उत्तर मिळेल असे त्याला वाटले होते. प्रयोग चालले सव्वीस वर्षे! या काळात साडेतीन लाख किलोंहून अधिक लोखंड-पोलाद केवळ कीस करून टाकले गेले.

१८८३ मध्ये त्याला एक महत्त्वाची गोष्ट सापडली. कीस जेथे जॉबपासून सुटतो, नेमक्या त्या जागी पाण्याची जाड, भरघोस धार सोडली, तर कापण्याचा वेग शेकडा तीस ते चाळीसने वाढवता येतो. हत्यार तेच, पोलाद तेच, माणूसही तोच. हिशेब मांडून पाहा. जे काम सात तासांचे, ते शेकडा चाळीस वेग वाढला तर पाच तासांत होते. दिवसाचे दोन तास केवळ पाण्याने वाचले. गुरुजींनी हे त्रैराशिक मुलांना अवश्य घालावे.

पण टेलरची खरी हुशारी यापुढे आहे. जाड धार सोडायची म्हटली तर पाणी लागते भरपूर. मोठ्या हत्याराला मिनिटाला तीन गॅलन, म्हणजे सुमारे अकरा लिटर, असा अंदाज त्याने पुढे दिला. हे पाणी जॉबवर पडून जाणार कोठे? जमिनीवर चिखल, यंत्राला गंज, कामगाराच्या पायाखाली निसरडे! म्हणून १८८४ मध्ये मिडव्हेलला नवे यंत्रघर बांधले, तेव्हा प्रत्येक यंत्र लोखंडी परातीत बसवले गेले. परातीत पडलेले पाणी जमिनीखालच्या नळांतून मधल्या एका विहिरीत जाई. तेथून पंप ते उंच टाकीत चढवी, आणि टाकीतून नळांनी ते पुन्हा प्रत्येक यंत्राकडे येई. गंज चढू नये म्हणून पाण्यात धुण्याचा सोडा भरपूर विरघळवलेला असे. पाणी तेच, पुन्हा पुन्हा फिरणारे.

शेतकरी मंडळींना यातील मर्म चटकन कळेल. पाणी आणणे हे निम्मे काम, निचरा हे उरलेले निम्मे. ज्याने पाट काढला पण चर खणला नाही, त्याची जमीन पाणथळ होते आणि मग खारावते. नीरा-प्रवरेच्या कालव्याखालच्या गावांनी हे भोगले आहे. लेथवर पाणी सोडण्याचा इतिहासही मुळात निचऱ्याचा इतिहास आहे. तोटी कोणालाही सुचली. परात, चाळणी, विहीर आणि पंप हे सगळे एकत्र सुचायला टेलर लागला.

यापुढची हकीकत नवलाची आहे. मिडव्हेलचा हा कारखाना काही गुप्त नव्हता. बाहेरचे लोक येत, पाहत, जात. डोळ्यांसमोर पाण्याचे लोट वाहत होते. तरीसुद्धा टेलरच्या माहितीप्रमाणे, १८९९ मध्ये बेथलहेम पोलाद कारखान्यात तशी सोय होईपर्यंत, अमेरिकेतल्या दुसऱ्या कोणीही ती उचलली नाही. अपवाद एकच, आणि तोही मिडव्हेलमधून बाहेर पडलेल्या माणसांनी चालवलेला एक छोटा कारखाना. पंधरा वर्षे! शेकडा चाळीसचा फायदा उघड्यावर मांडून ठेवला होता, आणि पाहणारे तो पाहून परत जात होते.

असे का झाले असेल? टेलरने दोष दिला तो लोकांच्या उदासीनतेला. मला वाटते कारण थोडे अधिक साधे असावे. पाहुण्याला पाण्याची धार दिसत होती, तिच्यामागचा वाढलेला वेग दिसत नव्हता. वेग कळायला घड्याळ आणि वही लागते. शिवाय एका यंत्राला डबा टांगणे हे एका दिवसाचे काम, पण सगळ्या यंत्रांखाली परात, नळ आणि विहीर करायची म्हणजे जमीन उकरावी लागते. चालत्या कारखान्याची जमीन कोण उकरणार? नुसते पाहून विद्या येत नाही, मोजून पाहावे लागते, आणि मग जुनी मांडणी मोडण्याची तयारी लागते. नवे बियाणे किंवा खत शेजारच्या वावरात डोलताना दिसते, तरी गावात पसरायला किती वर्षे जातात ते आठवा, म्हणजे मिडव्हेलच्या पाहुण्यांना आपण फार हसणार नाही.

बेथलहेमलाच टेलर आणि मॉन्सेल व्हाइट या दोघांनी पोलादाला फार उंच उष्णता देऊन कडक करण्याची रीत शोधली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची हत्यारे लालबुंद होईतो पोलाद कापीत होती, आणि तरी धार टिकून होती. यालाच आपण हायस्पीड स्टील म्हणतो. आता हत्यार इतके सोसते म्हटल्यावर पाण्याची गरज संपली असे कोणाला वाटेल. तसे झाले नाही. टेलरने नव्या हत्यारांवरही पाणी सोडून पाहिले. पोलाद कापताना शेकडा चाळीस आणि बिडावर शेकडा सोळा इतका वेग तेव्हाही वाढला. डिसेंबर १९०६ मध्ये अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे अध्यक्ष म्हणून त्याने हे सगळे प्रयोग एका लांबलचक निबंधात मांडले.

सोड्याच्या पाण्याने हत्यार थंड होई, पण त्यात ओशटपणा नाही. तेल ओशट असते, पण उष्णता शोषण्यात ते पाण्याच्या निम्मेच. दोघांचे गुण एकत्र आणायचे कसे? तेल आणि पाणी एकजीव होत नाही हे स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिले आहे. साबणासारखा पदार्थ मध्ये घातला की मात्र तेलाचे अतिबारीक कण पाण्यात तरंगत राहतात आणि दुधासारखे पांढरे पाणी तयार होते. विसाव्या शतकात हेच पाणी कारखान्यांत सर्वत्र पसरले. आपल्याकडचे कारागीर त्याला कूलंट म्हणतात आणि त्याच्या तेलाला सोल्युबल ऑइल. नावात विरघळणारे असले तरी ते विरघळत नाही, दुधातल्या स्निग्धांशासारखे फक्त पसरते. साधारणपणे वीस भाग पाण्याला एक भाग तेल घेतात. घालताना पाण्यात तेल घालावे, तेलात पाणी ओतू नये, नाही तर ते फाटते.

हे झाले यंत्राचे. माणसाचे काय? इतिहास सांगायचा तर हाही भाग सांगितलाच पाहिजे.

वाचलेल्या दोन तासांचा फायदा कोणाला, हा प्रश्न टेलरच्या हयातीतच उभा राहिला. त्याने पाण्याबरोबर स्टॉपवॉचही कारखान्यात आणले होते. माणसाच्या प्रत्येक हालचालीची मोजदाद होऊ लागली. १९११ च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारातील ओतकाम करणाऱ्यांनी या मोजणीविरुद्ध संप केला. अमेरिकेच्या लोकसभागृहाने चौकशी समिती नेमली आणि टेलरला तिच्यापुढे साक्ष द्यावी लागली. १९१५ मध्ये तो वारला, त्याच वर्षी सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉच वापरण्यावर कायद्याने बंधन आले. यंत्र थंड राहिले, पण माणसे तापली, असे म्हणावे लागेल.

दुसरे दुखणे कातडीचे. इंग्लंडमधील लँकेशायरच्या सूतगिरण्यांत चात्यांना खनिज तेल घालीत. ते तेल वर्षानुवर्षे कामगारांच्या कपड्यांत मुरे आणि जांघेतल्या कातडीला लागे. १९२२ मध्ये डॉक्टरांनी दाखवून दिले की या कामगारांत तेथील कातडीचा कर्करोग आढळतो आहे. त्यावर तिकडे स्वतंत्र नियम झाले ते १९५३ मध्ये. एकतीस वर्षे गेली! तेलात भिजलेले कपडे घालून लेथवर राबणाऱ्या कामगारांतही पुढे हाच रोग दिसला. १९८० नंतरच्या दशकात कच्च्या, न शुद्ध केलेल्या खनिज तेलांना कर्करोगकारक म्हणून जाहीर केले गेले. आज चांगल्या प्रतीचे तेल शुद्ध करूनच बाजारात येते, पण जळके इंजिन ऑइल लेथवर टिपकावण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती सोडा. ते तेल फुकट मिळते, पण त्याची किंमत हाताची कातडी चुकवते.

शिवाय फिरून फिरून येणारे पाणी शिळे होते. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यात शिरताच कुबट वास येतो, तो त्यात वाढलेल्या जंतूंचा. म्हणजे निचऱ्याचे पाणी परत आणणे हा टेलरचा मोठा विजय, आणि त्याच पाण्याची राखण ही पुढच्या लोकांच्या डोक्याची कटकट.

म्हणूनच १९९० नंतर काही कारखान्यांनी उलटी वाट धरली. हवेच्या झोताबरोबर तेलाचे अगदी सूक्ष्म थेंब नेमके धारेच्या टोकावर सोडायचे. तासाभरात फार तर चहाचा छोटा कप भरेल इतकेच तेल! ते कामातच संपते, परत येत नाही, म्हणून परात नको, विहीर नको. अर्थात ते तुषार श्वासातून छातीत जाऊ नयेत याची व्यवस्था लागते. थेंबापासून लोटापर्यंत, आणि लोटापासून पुन्हा थेंबापर्यंत, असा हा प्रवास झाला. पण पहिला थेंब अंदाजाने पडत होता, आजचा मोजून पडतो.

आता आपल्याकडे या. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना थाटला आणि तेथून लोखंडी नांगर गावोगाव गेले. पुढे किर्लोस्करांच्याच हरिहर येथील कारखान्यात लेथ तयार होऊ लागले. नांगर, चरक, तेलाची इंजिने आणि पंप खेड्यांत आले, तसे ते दुरुस्त करणारे लेथही तालुक्याच्या गावी आले. १९५० पासून देशात कारागीर-प्रशिक्षणाची योजना सुरू झाली आणि आयटीआयमध्ये टर्नरचे शिक्षण मिळू लागले. या लहान दुकानांतल्या जुन्या लेथांवर पुष्कळदा पंप नसतो. कारागीर एका हाताने तेलाच्या बुधलीतून थेंब सोडतो. हात फिरत्या चकाजवळ जातो, बाही अडकते, आणि अपघात होतो. घरी केलेला तोटीचा डबा मुख्यतः यासाठी हवा, की हात लांब राहावा.

तो कसा करावा ते थोडक्यात सांगतो. पाच लिटरचा पत्र्याचा डबा सोड्याने स्वच्छ धुवा. तळापासून बोटभर उंचीवर पितळी तोटी डाग देऊन बसवा. अगदी तळाला बसवू नका, म्हणजे गाळ खाली राहील आणि तोटी तुंबणार नाही. हत्यार ज्या सरकत्या भागावर बसते, त्याला सॅडल म्हणतात. डब्याची उभी सळई त्या सॅडललाच पक्की करा. हत्यार जिकडे जाईल तिकडे डबा जाईल, आणि धार आपली जागा सोडणार नाही. तोटीपासून तांब्याची बारीक नळी हत्याराच्या टोकावर आणा. तांबे हाताने वळते आणि वळवलेले तसेच राहते. काही कारागीर दवाखान्यातल्या सलाईनसारखी नवी नळी आणून तिच्या चकतीने थेंब कमीजास्त करतात. तेही चालेल, पण वापरलेली नळी कधीही आणू नका.

नळीचे तोंड कोठे धरायचे? टेलरचे उत्तर आजही बरोबर आहे: कीस जेथे सुटतो त्याच जागी, वरून. जॉबच्या पाठीवर पाणी सोडाल तर ते फेकले जाऊन तुमच्याच अंगावर येईल.

आणि डब्याइतकीच महत्त्वाची, लेथखालची परात. जाड पत्रा घ्या, कडा वर वळवा, एका कोपऱ्याकडे उतार द्या. कोपऱ्याच्या भोकावर जाळी बसवा, खाली बादली ठेवा. बादलीतले पाणी दुसऱ्या बादलीत निवळू द्या, मग वरच्या डब्यात भरा. भरताना लेथ बंद करा. पुढे जमले तर बादलीत कूलरचा छोटा पंप टाकून नळी वर न्या, म्हणजे मिडव्हेलची विहीर तुमच्या बादलीत आली! मात्र विजेला अर्थिंग पाहिजेच, आणि हात ओले असताना बटण नको. दर एकदोन आठवड्यांनी पाणी बदला, काम संपले की लेथ पुसून तेलाचा हात फिरवा आणि स्वतःचे हात साबणाने धुवा. जुने पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

कोठे वापरू नये हेही ठाऊक हवे. बीड कापताना त्यातील ग्राफाइट स्वतःच वंगणाचे काम करते. टेलरला पाण्याच्या लोटाने बिडावरही फायदा मिळाला, पण लहान लेथवर बिडाची भुकटी पाण्यात कालवली की चिखल होतो आणि यंत्राच्या सरकत्या भागांत शिरतो, म्हणून बीड बहुधा कोरडेच कापतात. पितळही कोरडे चालते. कार्बाइडच्या टोकाचे हत्यार फार तापते. त्यावर मधूनच चार थेंब पडले, तर तापलेल्या काचेवर पाणी पडल्यासारखे ते तडकते. तेथे अखंड धार द्या, नाही तर काहीच देऊ नका. मॅग्नेशियमच्या किसाला आग लागण्याची भीती असते, त्यावर पाणी कधीही सोडू नये.

शेवटी गुरुजनांना एक सुचवतो. डबा तयार झाला की मुलांना तो नुसता दाखवू नका. मिडव्हेलला पाहुण्यांनी पंधरा वर्षे नुसतेच पाहिले. त्याऐवजी एकाच सळईचे दोन सारखे तुकडे घ्या. एक कोरडा कापा, दुसरा धारेखाली. दोन्ही वेळी लेथ तुम्ही स्वतः किंवा जाणत्या कारागिराने चालवावा, मुलांनी चष्मा लावून लांब उभे राहावे. किसाचा रंग पाहा, किती वेळाने हत्यार पुन्हा घासावे लागले ते घड्याळात पाहा, बोटभर अंतरावर कातलेला भाग गुळगुळीत आहे की खडबडीत ते पाहा, आणि सगळे वहीत लिहून ठेवा. थेंब कोठे पडला, किती पडला आणि पडून कोठे गेला, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या मुलाच्या वहीत असतील, त्याला हा इतिहास कळला असे खुशाल समजा.